चित्रांच्या पुस्तकात घर कोणाचे?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी चित्रांची पुस्तके कशी असावीत, हा राजकीय कार्यकर्त्याने डोके लावण्याचा विषय आहे काय, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. रेशन, पाणी, वनहक्क, कांद्याचा भाव हे प्रश्न दाराशी उभे असताना बालवाडीतल्या पुस्तकाची चर्चा ही सुखवस्तू मध्यमवर्गाची करमणूक वाटावी, यात नवल नाही. परंतु समाजात आपले म्हणून कोण आणि परके म्हणून कोण, कोणाचे घर ‘घर’ या शब्दाला शोभते आणि कोणाचे शोभत नाही, याचा पहिला पाठ मूल मतदार होण्याच्या किंवा शाळेत जाण्याच्याही कितीतरी आधी गिरवते. तो पाठ पुष्कळदा चित्रातून दिला जातो, आणि चित्र वाद घालत नसल्यामुळे तो निमूटपणे स्वीकारला जातो. ज्यांना समाजाची घडी बदलायची आहे, त्यांनी या पाठाकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.

बहुतेक अंगणवाड्यांच्या भिंतींवर आजही जो तक्ता दिसतो, तो मुळाक्षरांचा. पिढ्यान्‌पिढ्या त्यात ‘ऋ’ ऋषीचा, ‘य’ यज्ञाचा आणि ‘क्ष’ क्षत्रियाचा असतो. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या कोकणा, वारली, महादेव कोळी मुलाने यज्ञ पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेली असते नागलीची खळी, मोहाची फुले वेचणारी आजी आणि गावाच्या शिवेवरचा वाघदेव. अक्षर त्याला ठाऊक नाही आणि चित्रही त्याला ठाऊक नाही. दोन अनोळखी गोष्टींची सांगड घालून त्याने ज्ञान मिळवावे, अशी आपली अपेक्षा असते, आणि ते गप्प बसले की त्याला ‘मंद’ ठरवायला आपण मोकळे. मंद कोण, मूल की तक्ता, याचा विचार झालेला नाही.

तक्ता आणि चित्रांचे पुस्तक यांत मोठा फरक आहे. तक्ता एका शब्दाला एक चित्र देतो आणि थांबतो. चित्रांच्या पुस्तकात पान उलटले की काहीतरी घडते. पुढे काय होईल याची उत्सुकता असते, मागे काय झाले याची आठवण ठेवावी लागते. मोठे माणूस शब्द वाचते आणि त्याच वेळी मूल चित्र वाचते. पुष्कळदा मोठ्या माणसाच्या नजरेतून सुटलेली कोपऱ्यातली मुंगी मुलालाच आधी दिसते. युरोपात कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये सृष्टीतल्या वस्तूंची चित्रे आणि त्यांची नावे एकत्र छापून मुलांसाठी पाठ्यपुस्तक काढले, तेव्हापासून चित्र हे शिक्षणाचे साधन म्हणून मान्य झाले आहे. मराठीतही हे दालन रिकामे नाही. माधुरी पुरंदरे यांनी लिहून आणि स्वतः चित्रे काढून जी पुस्तके दिली, त्यांत साध्या घरातली साधी माणसे, त्यांची भांडणे, त्यांचा पसारा आणि त्यांचे हसू आहे. उपदेशाचा डोस नाही. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. परंतु अशी पुस्तके पुण्या-मुंबईच्या आणि नाशिक शहराच्या दुकानांतून फारशी बाहेर पडत नाहीत, आणि सह्याद्रीच्या रांगेतल्या वाडीचे जग त्यांच्या पानांवर अजून क्वचितच उतरले आहे.

वास्तविक नाशिकइतका चित्रपुस्तकाला अनुकूल जिल्हा शोधून सापडणार नाही. पंधरा तालुक्यांच्या या एका जिल्ह्यात पाऊस इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि पूर्वेला येवला-नांदगावकडे जेमतेम पाचशेच्या घरात. ब्रह्मगिरीवर पडलेला थेंब गोदावरीबरोबर १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळतो. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर पडलेला थेंब नार, पार किंवा दमणगंगेतून गुजरातमार्गे अरबी समुद्रात जातो. आणि कळवणकडचा थेंब गिरणेतून तापीला मिळून मोठा वळसा घेत त्याच समुद्राला पोहोचतो. तीन थेंबांच्या तीन वाटा पाच वर्षांच्या मुलाला बारा पानांत दाखवता येतील. ज्या मुलाला हे चित्र लहानपणी उमगेल, त्याला मोठेपणी हेही विचारता येईल की, एवढा पाऊस डोक्यावर पडूनही सुरगाणा-पेठच्या आईला उन्हाळ्यात हंडा घेऊन दरीत का उतरावे लागते, आणि पाणी वळवण्याच्या योजना आखताना तिला कोणी का विचारत नाही. निसर्गाचे शिक्षण आणि समाजाचे शिक्षण या दोन वेगळ्या तासिका नाहीत, हे अशा पुस्तकातून आपोआप कळते.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर हे दुसरे उदाहरण. बंधाऱ्यामुळे साचलेल्या उथळ पाण्यात आणि गाळात दोनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. हिवाळ्यात दूरदेशीचे थवे तेथे उतरतात. २०२० मध्ये या जागेला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत स्थान मिळाले आणि महाराष्ट्रातली ती अशी पहिलीच जागा ठरली. निफाड तालुक्यातल्या मुलांना शहामृगाचे चित्र पाठ असते. परंतु स्वतःच्या शिवारात दर हिवाळ्यात उतरणाऱ्या पाहुण्याचे नाव सांगणारे पुस्तक मात्र त्यांच्या हाती नसते. शहामृगाला विरोध करण्याचे कारण नाही. मुलाने आफ्रिकेचा प्राणी पाहावा, रशियाचा बर्फ पाहावा, सारे जग पाहावे. दाराबाहेरचे पाखरू पाहण्यासारखे नाही, असा समज मात्र पुस्तकांनी करून देऊ नये.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आदिवासी मूल निसर्गातच वाढते, त्याला झाड, पाखरू, ओढा पुस्तकातून काय दाखवायचा? आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. मूल झाड ओळखते हे खरे. परंतु शाळा नावाच्या जागी त्या ओळखीला काही किंमत आहे, हे त्याला ठाऊक नसते. घरी जे कळते ते ज्ञान नव्हे आणि छापलेले तेवढेच ज्ञान, अशी फाळणी त्याच्या मनात फार लवकर होते. आपल्या रानातला मोह छापील पानावर दिसला, आपल्या आजीच्या हातातली टोपली तिथे दिसली, म्हणजे ती फाळणी मिटण्यास प्रारंभ होतो. शिवाय हे मूल वर्षभर रानात असते, हा समजही आता खरा नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरची कुटुंबे भात-नागलीची कापणी संपली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला उतरतात. आईबाप बागेत, मूल बांधावर, आणि अंगणवाडीचा पट गावाकडे. या मुलाचा निसर्गही सुटतो आणि शाळाही सुटते. त्याच्यासाठी पुस्तक ही चैन नसून मागे राहिलेल्या गावाचा धागा आहे.

निसर्गशिक्षणात पुस्तकाची जागा कोणती, याचा धडा सह्याद्री ओलांडून पलीकडे गेले की मिळतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात आणणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. म्हणून पाने, बिया, शंखशिंपले, खडे, काड्या यांचीच साधने झाली. मूल बालवाडीकडे येत नाही, तर बालवाडीने मुलाकडे जावे, म्हणून अंगणात भरणारी अंगणवाडी निघाली. गुरे राखणारी मुले येऊ शकत नाहीत, म्हणून कुरणशाळा निघाली. या दोघींच्या कामाने एक क्रम घालून दिला: आधी हातात वस्तू, मग तिच्यावर गप्पा. चित्राची जागा त्यानंतरची, आणि अक्षराची सर्वांत शेवटची. पळसाचे पान हातात न घेता पळसाचे चित्र दाखवणे म्हणजे भुकेल्याला जेवणाचे वर्णन ऐकवणे होय. ज्या पुस्तकामुळे मूल उठून बाहेर धावत जाते आणि ‘हेच ते पान’ म्हणून परत येते, ते निसर्गाचे खरे पुस्तक. गुळगुळीत कागदावर छापलेले परंतु मुलाला खोलीतच बसवून ठेवणारे पुस्तक कितीही देखणे असले तरी कामाचे नाही. हीच कसोटी हातातल्या मोबाइलला लावावी. पडदा स्वतःच बोलतो, स्वतःच पान उलटतो आणि मुलाला गप्प करतो. पुस्तकाला मात्र वाचणारे माणूस लागते, आणि लहान वयात त्या माणसाची मांडी हे शिक्षणाचे अर्धे साधन असते.

निसर्गाविषयी एकमत होणे सोपे. संस्कृतीचा प्रश्न आला की खरी परीक्षा सुरू होते. ‘आपली संस्कृती’ असे म्हणत जी चित्रे मुलांपुढे ठेवली जातात, त्यांत वडील खुर्चीत वर्तमानपत्र वाचतात, आई स्वयंपाकघरात असते, देवघरात समई तेवते आणि अंगणात तुळशीवृंदावन असते. हे घर खोटे नाही. पण ते एकच घर आहे. मालेगावच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या बापाचे घर, येवल्यात पैठणीच्या मागावर बसणाऱ्या बाईचे घर, नाशिकच्या भीमवाडीतले घर, लासलगावच्या बाजारात कांदा निवडणाऱ्या हमालाचे घर, सुरगाण्यातले कुडाचे घर, ही सारी याच जिल्ह्यातली घरे आहेत. ती चित्रात नसतील तर त्या घरातले मूल एवढेच समजते की, पुस्तक दुसऱ्यांचे आहे. आणि ज्याचे घर चित्रात आहे, ते मूल याहून घातक गोष्ट शिकते की, जग म्हणजे आपलेच घर.

उलट बाजूचा धोकाही ओळखला पाहिजे. आदिवासी संस्कृती दाखवायची म्हणून डोक्यावर पिसे, हातात तारपा आणि पायांत नाच एवढेच चित्र काढले जाते. वारली चित्रांची नक्षी तर आता हॉटेलांच्या भिंतींपासून पिशव्यांपर्यंत सर्वत्र पोहोचली आहे. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या कुंचल्यातून वारली जीवनाची पेरणी, मासेमारी, लग्न, मुंग्यांचे वारूळ आणि झाडांचा विस्तार जगापुढे आला. परंतु त्या शैलीचा काठ पुस्तकाला लावला आणि आत गोष्ट मात्र शहरातल्या बंगल्याची सांगितली, तर तो सन्मान नव्हे, ती सजावट आहे. बोहाड्याचे मुखवटे आणि डोंगऱ्यादेवाचा उत्सव पुस्तकात यावेत, पण त्याच पानांवर तिथली माणसे भात लावताना, रेशनच्या रांगेत उभी असताना, ग्रामसभेत बोलताना आणि एस.टी.ची वाट पाहतानाही दिसावीत. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी पायी चालत गेले. त्यांत या तालुक्यांतल्या आदिवासी स्त्रियांची संख्या मोठी होती. रक्ताळलेल्या पायांची छायाचित्रे देशाने पाहिली. त्या आज्यांच्या नातवंडांच्या पुस्तकात आजी नाचताना दिसते आणि चालताना दिसत नाही, हे कसे?

नाशिकचे चित्रपुस्तक काढायचे म्हटले की रामकुंड, काळाराम मंदिर, कुंभमेळा ही पाने ठरलेली. ती असावीतही. परंतु २ मार्च १९३० रोजी त्याच काळाराम मंदिराच्या दारांपुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवला, ही गोष्ट त्या पानावर का नसावी? लहान मुलांना असे कटू विषय सांगू नयेत, असे म्हणणारे सद्‌गृहस्थ भेटतील. पण ‘तू आमच्यात खेळायचे नाहीस’ या वाक्याचा अर्थ पाच वर्षांच्या मुलाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. तो त्याने अंगणात अनुभवलेला असतो. बंद दार, बाहेर शांतपणे बसलेली माणसे, आणि ‘दार का बंद आहे?’ एवढा एकच प्रश्न, इतके चित्र पुरे. उत्तर घाईने देण्याची गरज नाही. मूलच ते शोधील, आणि पुष्कळदा मोठ्यांपेक्षा सरळ शोधील.

भाषेचा प्रश्न याला जोडूनच येतो. कोकणा, वारली, भिली बोलणारे मूल अंगणवाडीत येते तेव्हा प्रमाण मराठी ही त्याला जवळजवळ परभाषा असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घरच्या भाषेतून प्रारंभीचे शिक्षण व्हावे, असे कागदावर मान्य केले आहे. कागद प्रत्यक्षात येईपर्यंत चित्रपुस्तक हा मधला पूल आहे. शब्द थोडे किंवा मुळीच नसलेले पुस्तक कोणत्याही बोलीत ‘वाचता’ येते. अंगणवाडी सेविका बहुधा त्याच पंचक्रोशीतली असते, तिला ती बोली येते. तिने ती वर्गात बोलावी की नाही एवढाच प्रश्न असतो, आणि अपराधी भावनेने ती गप्प राहते. चित्रावर बोलायला सांगितले की तिच्या जिभेवरचे हे कुलूप निघते.

आता दुसरा आणि अधिक गंभीर आक्षेप: आधी पोट, मग पुस्तक. कुपोषणाने बालके दगावलेल्या भागात पुस्तकांची भाषा करणे क्रूरपणाचे नाही काय? परंतु पोट की पुस्तक, ही निवड गरिबांपुढेच का ठेवली जाते? श्रीमंताच्या मुलाला दूध मिळाले म्हणून त्याची पुस्तके कोणी काढून घेत नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्यात पूरक आहार आणि लसीकरण यांच्या जोडीने तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षणही होते. ती मुलांना दिलेली देणगी नव्हती, शासनाने स्वीकारलेली जबाबदारी होती. पुढे खिचडी तेवढी उरली आणि शिक्षण तक्त्यावर टांगले गेले. सेविकेला तुटपुंजे मानधन, वर नोंदवह्यांचा आणि मोबाइलवर माहिती भरण्याचा ढीग. गोष्ट सांगायला तिला वेळ कुठला? म्हणून चांगल्या पुस्तकांची मागणी ही सेविकांच्या मानधनाच्या आणि कामाच्या बोज्याच्या मागणीपासून वेगळी करता येत नाही. दोन्ही एकाच मोर्चात घेतल्या पाहिजेत.

पुस्तके महाग असतात, ही तक्रार खरी आहे. पण किंमत ही दैवी घटना नसते, तो धोरणाचा परिणाम असतो. सोव्हिएत संघात छापलेली मुलांची रंगीत पुस्तके मराठीत भाषांतरित होऊन लोकवाङ्मय गृहाच्या विक्रीकेंद्रांतून आणि प्रदर्शनांतून महाराष्ट्रभर अत्यल्प किमतीत मिळत. त्या राजवटीविषयी लोकशाही समाजवाद्यांचे मतभेद तीव्र होते आणि ते योग्य होते. परंतु कामगाराच्या मुलालाही उत्तम चित्रकाराचे पुस्तक मिळावे म्हणून तिजोरी उघडावी लागते, एवढे त्यांना कळले होते. १९९१ मध्ये तो देश विसर्जित झाला आणि ती आवकही आटली. दुसऱ्याच्या तिजोरीवर उभे असलेले बालवाङ्मय टिकत नाही, हा त्यातला धडा. आपल्याकडे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने नेहरू बाल पुस्तकालय मालेतून अनेक भाषांत स्वस्त पुस्तके दिली. २००४ पासून प्रथम बुक्सने आणि २०१५ पासून त्यांच्या स्टोरीवीव्हर या खुल्या ग्रंथसंग्रहाने आणखी एक वाट मोकळी केली: मूळ लेखक-चित्रकाराचे श्रेय देऊन कोणीही त्या पुस्तकांचे आपल्या बोलीत भाषांतर करावे आणि छापावे. ज्ञान ही मालमत्ता नव्हे, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात आले आहे. त्याचा लाभ उठवणारे हात कमी पडतात.

नाशिकला तर वितरणाचा धडाही घरातच मिळतो. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या २००९ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, काही काळाने दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते, आणि पैसा उभा राहतो तो लोकांच्या वाढदिवसासारख्या निमित्ताने दिलेल्या लहान देणग्यांतून. विनायक रानडे यांच्या चिकाटीने ही पेटी परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचली. समुद्र ओलांडणारी पेटी दिंडोरीच्या द्राक्षबागेतल्या मजुरांच्या झोपड्यांपर्यंत नेणे अवघड आहे, असे कोणी म्हणू नये. तिथे नेणारा माणूस हवा, एवढेच.

तो माणूस कार्यकर्ता असू शकतो. हंगामात मजुरांची कुटुंबे जिथे उतरतात, तिथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी तासभर बसून पंचवीस चित्रपुस्तके मुलांच्या हाती द्यावीत, एक मोठ्याने वाचावे, बाकीच्यांवर त्यांना बोलू द्यावे. मुलांची आजी जे सांगेल ते लिहून घ्यावे, गावातल्या हात चांगला असलेल्या तरुणाकडून चित्रे काढून घ्यावीत, आणि बारा पानांचे पुस्तक साध्या छपाईत पण जाड कागदावर, पक्क्या शिलाईचे काढावे. कारण मुलांची पुस्तके जपून ठेवण्यासाठी नसतात, झिजण्यासाठी असतात. सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे. त्याखाली अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या वाचनालयांत बालविभाग आहे की नुसती पाटी आहे, हे सभासद होऊन तपासावे. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात अंगणवाडीच्या पुस्तकांसाठी वेगळा खर्च मागावा, आणि पुस्तके निवडण्याच्या समितीवर सेविका व आदिवासी शिक्षक बसतील, असा आग्रह धरावा. नाहीतर पुन्हा वरून एक तक्ता येईल, आणि त्यावर पुन्हा यज्ञच असेल.

ही कामे मोठ्या सभेत टाळ्या मिळवणारी नाहीत. त्यांचे फळ पुढच्या निवडणुकीत दिसणारे नाही, कदाचित त्याच्या पुढच्याही नाही. पण येत्या हंगामात पेठ-सुरगाण्याची कुटुंबे पुन्हा बागांकडे उतरतील. त्यांच्या आधी पंचवीस पुस्तकांची एक पेटी तिथे पोहोचवायची की नाही, हे प्रत्येक तालुका शाखेला आजच ठरवता येईल.